जुन्या घराची डागडुजी : हातोड्याआधी तपासणी

पावसाळा सरला की जुन्या घरांच्या डागडुजीचे बेत सुरू होतात. खर्च, रंगछटा, मजुरी यांचा खल होतो. परंतु जुन्या रंगात आणि छपरात काय दडले आहे, याची चौकशी क्वचितच होते. ज्येष्ठांचे वास्तव्य असलेल्या घरात ती सर्वांत आधी व्हावयास हवी.

रंगातील शिसे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे तैलरंग, विशेषतः दारे, खिडक्या व गजांवरील पिवळे, लाल, नारिंगी थर संशयास्पद मानावेत. शाबूत रंगाचा धोका अल्प असतो. तो कोरडा घासला वा जाळून काढला की विषारी धूळ व धूर पसरतो. शिसे हाडांत साठते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरू शकते. रक्तदाब व मूत्रपिंडे यांवर त्याचा दुष्परिणाम होतो. रांगत्या नातवंडांच्या मेंदूला तर त्याची झळ अधिकच बसते.

छपरातील ॲस्बेस्टॉस. सिमेंटचे पन्हाळी पत्रे आणि पावसाच्या पाण्याचे जुने सिमेंटी नळ यांत हे तंतू असू शकतात. पत्रा फोडला, कापला, त्यास भोक पाडले अथवा शेवाळ काढण्यासाठी खरवडला की ते हवेत मिसळतात. फुप्फुसांचा कर्करोग व अन्य विकार यांमुळे उद्भवतात. तेही कित्येक दशकांनंतर. नुसत्या डोळ्यांनी खात्री पटत नाही, प्रयोगशाळेतील तपासणीच हवी.

काम काढण्यापूर्वी

• घर केव्हा बांधले, रंग केव्हा दिला, पत्रे केव्हा घातले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. ही माहिती बहुधा त्यांच्यापाशीच असते.

• रंगाचा सर्व थरांसह नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. पत्र्याचा तुकडा स्वतः तोडू नये. नमुना जाणकाराकडून घ्यावा.

• संशयित पत्रे सुस्थितीत असतील तर हलवू नयेत. काढणे भागच असल्यास अनुभवी माणसांकडून, ओले करून, न फोडता उतरवावेत. साधी मुखपट्टी येथे पुरेशी नाही.

• रंग ओला करूनच घासावा. केरसुणी न वापरता ओल्या फडक्याने पुसावे.

• काम चालू असताना ज्येष्ठ, बालके, गर्भवती व दमेकरी यांची अन्यत्र सोय करावी.

• कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

या अटी कंत्राटदाराशी बोलणी करतानाच ठरवून घ्याव्यात. काम एकदा सुरू झाले, की उडालेली धूळ परत गोळा करता येत नाही.