मानेची शस्त्रक्रिया : कोणती, कधी आणि कोणासाठी?

‘मणक्यात गॅप आला’, ‘गादी सरकली’ हे शब्द खामगाव, चिखली, मलकापूर भागात घरोघरी ऐकू येतात. मग अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला चकरा, एमआरआय आणि शेवटी ऑपरेशनचा प्रश्न. एक डॉक्टर एक प्रकार सुचवतात, दुसरे दुसरा. घरचे गोंधळून जातात. म्हणून या प्रकारांतला फरक आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

मानेत सात मणके असतात. त्यांच्यामधल्या गाद्या वयानुसार सुकतात, झिजतात. साठीनंतर बहुतेकांच्या एमआरआयमध्ये ही झीज दिसते, पण त्रास सगळ्यांना नसतो. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून ऑपरेशन ठरत नाही. नेमके काय दबले आहे, हे महत्त्वाचे.

नस की मज्जारज्जू?

नस दबली तर हातात कळ आणि मुंग्या येतात. असे बहुतेक रुग्ण औषधे आणि व्यायामाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. मज्जारज्जू दबला तर कुर्त्याची बटणे लावणे जड जाते, तसबीहचे मणी बोटांतून निसटतात, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही. दुखणे कमी असले तरी येथे थांबू नये. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. पुढचे नुकसान थांबवणे हाच ऑपरेशनचा पहिला हेतू असतो.

गादी काढून मणके जोडणे

गळ्याच्या पुढून छोटा छेद घेऊन खराब गादी काढतात, जागेवर हाड किंवा पिंजरा बसवून दोन मणके जोडतात. 1950 च्या दशकापासूनची ही पद्धत भरवशाची आहे. एकाच जागी जोडणी असेल तर मान वळवताना फारसा फरक जाणवत नाही. काही दिवस गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. पुढे शेजारच्या गादीवर झीज वाढू शकते.

कृत्रिम गादी

छेद तोच, पण मणके न जोडता हलणारी गादी बसवतात. हातातली कळ दोन्ही पद्धतींत सारखीच कमी होते. कृत्रिम गादीत मानेची हालचाल टिकते. मात्र हाडे ठिसूळ असतील किंवा सांधे फार झिजले असतील तर ती चालत नाही. खर्चही जास्त.

मागून शस्त्रक्रिया

एकच नस दबली असेल तर काही वेळा मागून तिची वाट मोकळी केली तरी पुरते. तीन-चार ठिकाणी मज्जारज्जू दबला असेल तर मणक्याची मागची कमान दारासारखी उघडतात. ही पद्धत जपानमध्ये 1970 च्या दशकात विकसित झाली. नंतर मान काही काळ दुखते आणि पुढे झुकलेल्या मानेला ती सहसा योग्य ठरत नाही.

म्हणजे नवे आणि महाग तेच चांगले, असे नाही. डॉक्टरांना विचारा : काय दबले आहे, किती ठिकाणी, थांबलो तर काय होईल? जोडणीसाठी हाड कोठून घेणार, रुग्णाच्या कमरेचे की दुसऱ्या कशाचे, हेही निःसंकोच विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी कळते. मग शेत गहाण टाकण्याची घाई होत नाही.

तंबाखू, खर्रा, बिडी सोडाच. निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. न्हाव्याकडून मान मोडून घेणेही बंद करा.

सजद्याची काळजी अनेकांना असते. आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत शरीयतने दिली आहे. मान कधी झुकवायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इलाज करण्याची ताकीद दिली आहे. दुआ करावीच, पण इलाजाला उशीर करू नये.