कांद्याच्या कुळातील फुले आणि घरातील ज्येष्ठ

निवृत्तीनंतर बाग करावी असे आम्ही डॉक्टर सहज सांगून टाकतो. कोणती करावी, हे मात्र सांगत नाही. अलीकडे अनेक ज्येष्ठ भ्रमणध्वनीवर जांभळ्या, चेंडूएवढ्या गोल फुलांची छायाचित्रे दाखवून ‘हे आपल्याकडे येईल का?’ असे विचारतात. ही फुले अ‍ॅलियमची, म्हणजे आपल्या कांदा-लसणाच्याच कुळातली. त्यांतील मोठ्या जाती मूळच्या मध्य आशियातल्या. कडक थंडीचे कित्येक आठवडे जमिनीत काढल्याखेरीज त्यांचा कंद फुलत नाही आणि आपल्या पावसाळ्यात तो कुजतो. महागडे कंद मागवू नयेत, हे माझे स्पष्ट मत.

त्याऐवजी घरातलाच कोंब फुटलेला कांदा घ्या. दिवाळीच्या सुमारास आठ इंची कुंडीत, मान मातीच्या जराशी वर राहील असा लावा. थंडीनंतर त्याला डेंगळे येतात. शेतकऱ्याला बाजाराच्या कांद्यात नकोसा वाटणारा हा डेंगळा कुंडीत मात्र देखणा दिसतो: मधोमध फुगलेला पोकळ दांडा आणि त्याच्या टोकाला शेकडो पांढऱ्या चांदण्यांचा गेंद. मुंबई-कोकणच्या उबदार हवेत त्याचा भरवसा कमी. देशावर, जिथे थंडी चांगली पडते, तिथे अधिक. मधमाश्या हमखास येतात, म्हणून दंशाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी कुंडी खिडकीपासून दूर ठेवावी.

वर्षानुवर्षे टिकणारे आणि वाटून वाढणारे झाड हवे असेल तर रोपवाटिकेत ‘गार्लिक चाइव्ह्ज’ मागावे. मणिपूरच्या स्वयंपाकात याच्या पातीला मानाचे स्थान आहे. चपटी हिरवी पात, लसणाचा मंद वास, आणि छत्रीसारखा पांढऱ्या फुलांचा झुबका. रोज पाच-सहा तास ऊन आणि पाणी न साचणारी माती एवढीच त्याची मागणी. भर उन्हाळ्यात दुपारची सावली दिल्यास पात करपत नाही. दोन-तीन वर्षांत कुंडी गच्च भरते व फुले कमी होतात. तेव्हा पावसाळा सरताना गड्डा बाहेर काढून हातानेच फोडावा. चार-पाच कोंबांचा एकेक झुबका मुळांसकट वेगळा करून, पात दोन-तीन इंच ठेवून छाटावी आणि पूर्वीच्याच खोलीवर लावावी. आठवडाभर सावली पुरे. बियांपासूनही रोपे होतात. पण बी वर्षभरातच जुने होते, म्हणून ताजेच पेरावे. आपोआप पसरायला नको असेल तर फुले वाळू लागताच खुडावीत.

ही फोड करण्याचे काम ज्येष्ठांना फार मानवते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून खुर्चीत बसून ते करता येते. बोटांना हालचाल मिळते आणि पाठ वाकवावी लागत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाली वाकून एकदम उठू नये. भोवळ येऊन पडल्यास खुब्याचे हाड मोडू शकते. ओल्या मातीची कुंडी उचलण्याचे काम घरातील तरुणांचे. मधुमेह्यांनी अनवाणी बागेत जाऊ नये, आणि धनुर्वाताच्या लसीला किती वर्षे झाली हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता एक गंभीर बाब, काळजीवाहकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी. रेन लिली व स्पायडर लिली ही आपल्या बागांतील लाडकी झाडे. फुले नसताना रेन लिलीची पात चाइव्ह्जच्या पातीसारखीच भासते. या लिलींत, विशेषतः कंदात, लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते. ती खाल्ल्यास मळमळ, उलट्या व जुलाब होतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या शरीरातील पाणी आणि क्षार त्याने झपाट्याने घटतात. पात चुरगळून लसणाचा वास येतो का पाहणे ही खरी खूण. पण वयानुसार, आणि पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशात अधिकच, वास ओळखण्याची शक्ती क्षीण होते. शिवाय एकदा लसणाचा वास हाताला लागला की पुढची प्रत्येक पात तशीच वाटते. ‘मला वास येत नाही’ असे ज्येष्ठ क्वचितच म्हणतात. ‘आमटीला चव नाही’ म्हणतात आणि ठपका सुनेवर येतो!

म्हणून खाण्याची कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि लिली गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. कुंडीवर ठळक अक्षरांत नाव लिहा. स्मृती मंदावलेल्या व्यक्तीने तोडलेली पात दुसऱ्याने पाहिल्याखेरीज पातेल्यात जाऊ देऊ नका. चुकून खाल्लीच तर मुद्दाम उलटी काढू नका. झाडाचा तुकडा पिशवीत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पात एकदम भरपूर खाऊ नये, कारण तिच्यातील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा परिणाम बदलते. घरात कुत्रा किंवा मांजर असल्यास या साऱ्या कुळाची झाडे त्यांच्या तोंडापासून लांब ठेवावीत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्याने नष्ट होतात.

शेजाऱ्यांना झुबका देताना त्यावर नावाची चिठ्ठी बांधूनच द्यावा, आणि त्यांच्याकडे लिली आहे का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.