पासवर्ड नोंदवहीत कसा सापडतो?

ओटीपी मागणाऱ्या फोनबद्दल आपण बोलतो, तेव्हा गटागटांतून एक प्रश्न हमखास येतो: “आम्ही पासवर्ड कुणालाच सांगितला नाही, तरी तो बाहेर जाईल का?” जाऊ शकतो. त्याला चोरच लागतो असंही नाही.

आपल्या गटात इतिवृत्ताची वही असते. कोण हजर होतं, किती बचत जमली, कर्ज कुणाला दिलं, सगळं तारखेनिशी. हिशेबात घोळ झाला की आपण तीच वही उघडतो. मोठ्या कंपन्यांचे संगणकही अशी वही लिहितात. तिला लॉग म्हणतात. कोण किती वाजता आलं, काय मागितलं, काम कुठे अडलं, हे तिथे आपोआप टिपलं जातं. बिघाड झाला की इंजिनियर ती वाचून दोष शोधतात. त्यामुळे वही हवीच. पण तिच्यात काय लिहू नये, हेही ठरलेलं हवं. समजा, सचिवताईंनी इतिवृत्तात एखादीच्या एटीएमचा पिन लिहून ठेवला. मनात खोट नाही, पण ती वही अध्यक्ष बघते, सीआरपी ताई बघते, ऑडिटलाही जाते. संगणकाला “आलं ते सगळं टिप” असं सांगितलं, की त्या ‘सगळ्या’त पासवर्डही येतो.

खरं तर कंपनीने पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नसतो. ज्वारी दळली की पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही ना? तसा पासवर्ड दळून फक्त पीठ ठेवायचं. आपण पुन्हा पासवर्ड टाकला की तो दळायचा आणि पीठ पिठाशी ताडून बघायचं. याला हॅशिंग म्हणतात. मे २०१८ मध्ये ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, जाहीर केलं की दळण होण्याआधीच पासवर्ड त्यांच्या आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. म्हणजे जातं ठीक होतं, ज्वारी मात्र दारातच सांडत होती! गैरवापर झाल्याचं दिसलं नाही, असं कंपनीने सांगितलं. तरी सगळ्या ३३ कोटी वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सुचवलं.

पुढच्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, फेसबुकचंही तसंच निघालं. कोट्यवधी पासवर्ड कंपनीच्या आत वाचता येतील असे पडून होते. त्यात सर्वाधिक होते फेसबुक लाइट वापरणारे. साध्या फोनवर, कमी नेटवर चालणारं ते हलकं अ‍ॅप. म्हणजे आपल्यासारख्यांचंच. या प्रकरणात आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीला ९ कोटी १० लाख युरो दंड केला. दंडाला पाच वर्षं लागली, हे आम्हाला फार वाटतं.

यूपीआय पिनचं थोडं वेगळं आहे. पिन टाकायचं पान पैसे पाठवणाऱ्या अ‍ॅपचं नसतं, ते एनपीसीआयचं असतं. पिन तिथेच कुलूपबंद होऊन पुढे जातो, अ‍ॅपच्या हाती लागू नये म्हणून.

कंपनीची वही आपल्या हातात नाही. पण एकच पासवर्ड सगळीकडे ठेवला असेल, तर एका ठिकाणी सांडला की तो हाती लागलेला माणूस तोच बाकीच्या दारांना लावून बघतो. निदान ईमेलचा पासवर्ड तरी अगदी वेगळा ठेवा. इतर खात्यांचे पासवर्ड बदलायचे निरोप तिथेच येतात, म्हणून ती किल्ल्यांची किल्ली. जिथे सोय आहे तिथे दोन टप्प्यांची तपासणी चालू करा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर दार उघडत नाही. इतके पासवर्ड लक्षात कसे राहणार? काही जण म्हणतात, अजिबात लिहू नका. आमच्या मते, सगळीकडे एकच ठेवण्यापेक्षा घरच्या पेटीत कुलपात ठेवलेली छोटी वही बरी. बँकेचा पिन मात्र तिच्यातही नको.

आणखी एक. अ‍ॅप अडलं की आपण स्क्रीनचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. ती आपलीच नोंदवही झाली. टाकण्याआधी बघा, त्यात ओटीपी किंवा खाते क्रमांक दिसतोय का. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर सकाळची वाट बघू नका, लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा.