मित्रासाठी लॅपटॉप निवडताना

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी भेळ खात उभे असताना माझ्या वर्गमित्राने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर सहा लॅपटॉपची नावे होती, प्रत्येकापुढे किंमत होती आणि तळाशी एक आकडा दोनदा अधोरेखित केलेला होता : ८५,०००. "यातला कोणता घेऊ ते तू सांग. तू सांगशील तोच घेतो," एवढे बोलून तो मोकळा झाला आणि ओझे माझ्या डोक्यावर आले.

हा मित्र रत्नागिरीत वडिलांचे दुकान सांभाळतो. ही रक्कम त्याने दोन वर्षे स्वतःच्या खर्चात काटकसर करून साठविली होती. गेम खेळण्यासाठी एवढा पैसा, ही कल्पनाच त्याच्या वडिलांना मानवत नव्हती. त्यांच्या लेखी गेम म्हणजे जुगाराचे नवे रूप. आपल्या अनेक घरांत हाच समज आहे आणि तो अगदीच निराधार होता असेही नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ त्यापासून वेगळे ठेवले. माझ्या मित्राची आवड या दुसऱ्या प्रकारातली, मुख्यतः मोटारशर्यतींची. तरीही यंत्र फसले असते तर पैसे तर गेलेच असते, शिवाय "आम्ही सांगितले होते" हे वाक्य त्याला जन्मभर ऐकावे लागले असते.

मला धास्ती वाटण्याचे आणखी एक कारण होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या आतेभावासाठी मी असाच एक लॅपटॉप निवडला होता. ग्राफिक्स कार्डाचे नाव पाहिले, किंमत पाहिली आणि होकार दिला. यंत्र देखणे, सडपातळ. पण अर्ध्या तासाच्या खेळानंतर कीबोर्डवर बोट ठेववेना आणि चित्र अडखळू लागे. चूक माझीच होती. जे छापलेले होते ते मी वाचले नव्हते.

ते काय, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बहुतेक ग्राहक येथेच फसतात. आरटीएक्स ४०५० हे नाव घेऊन बाजारात येणारी सर्व कार्डे सारखी नसतात. निर्मात्या एनव्हिडियानेच या कार्डाला ३५ ते ११५ वॅट एवढी मोठी मुभा ठेवली आहे, आणि कोणत्या लॅपटॉपमध्ये त्याला किती वीज पुरवायची हे लॅपटॉप बनविणारी कंपनी ठरविते. पातळ यंत्रात उष्णता बाहेर टाकण्यास जागा नसते, म्हणून तेथे कार्डाला कमी वीज मिळते. जाड यंत्रात तेच कार्ड मोकळेपणाने धावते. एकाच नावाच्या तुरीच्या दोन पोत्यांत जसा फरक असतो तसाच हा, आणि पोत्यावरचा शिक्का पाहून कोणताही जाणता व्यापारी माल उचलत नाही. हा वॅटचा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रकात बारीक अक्षरांत दिलेला असतो, बहुधा 'टीजीपी' या नावाखाली. तो जेथे दिलेलाच नसेल तेथे संशय घ्यावा.

मित्राला मी प्रथम विचारले ते मात्र निराळेच : "तू नेमके खेळतोस काय?" हा प्रश्न विचारण्याआधी किंमतपत्रक उघडणे व्यर्थ आहे. व्हॅलोरंटसारखा खेळ जुन्या, साध्या यंत्रावरही चालतो. तेवढ्यासाठी कोणी ८५ हजार घालवू नयेत. माझ्या मित्राला फोर्झा होरायझन ५ खेळायचा होता, दुकानाचे टॅली चालवायचे होते आणि अधूनमधून छोट्या चित्रफिती जुळवायच्या होत्या. हा एकच खेळ शंभर जीबीहून अधिक जागा व्यापतो. म्हणजे ५१२ जीबीची साठवण लवकरच अपुरी पडणार, आणि दुसरी एसएसडी बसविण्यास आत मोकळी जागा आहे की नाही हे आधी पाहणे भाग होते. रॅम १६ जीबी हवी, तीही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीने वेग उणावतो. पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा आता सर्रास मिळतो, पण स्वस्त पडद्यांत रंग फिके असतात. पत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे दिसले की तो फिका पडदा समजावा. 'शंभर टक्के एसआरजीबी' असलेला घ्यावा.

एवढे निकष लावताच सहापैकी चार नावे गळाली.

येथे मी एक गंभीर चूक करता करता वाचलो. ८ जीबी स्मृतीची आरटीएक्स ४०६० आणि नवी ५०५० ही कार्डे त्या वेळी समोर होती. त्यांची यंत्रे मित्राच्या रकमेपेक्षा साधारण चौदा हजारांनी महाग पडत होती. ४०५० ला ६ जीबीच स्मृती असते आणि काही नव्या, अवजड खेळांना ती तोकडी पडते, हे खरे. मी त्याला "हप्ता काढू, थोडे वाढव" असे आग्रहाने सांगू लागलो. तो गप्प झाला. घरी परतताना लक्षात आले की ते महाग यंत्र मला हवे होते, त्याला नव्हे. त्याच्या शर्यती त्याच्या पडद्यावर ४०५० वर उत्तम चालणार होत्या. दुसऱ्या दिवशी फोन करून मी आग्रह मागे घेतला. दुकानात गिऱ्हाइकाला नको ते गळ्यात मारणाऱ्यास आपण काय म्हणतो, हे मला आठवले होते.

उरलेल्या दोन यंत्रांत निर्णय केला तो मांडवीने. आमच्याकडे समुद्र दारात. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि उरलेले महिने खारा वारा. गेमिंग लॅपटॉपचे पंखे भोवतालची हवा जोराने आत ओढतात. त्या हवेतले मीठ आणि ओल तांब्याच्या नळ्यांवर, जोडण्यांवर बसते. म्हणून ज्याची खालची झाकणी साध्या स्क्रूंनी उघडते, पंखे स्वच्छ करता येतात, तेच जाड यंत्र आम्ही निवडले. वजन सव्वादोन किलोंच्या वर. सदैव टेबलावर राहणाऱ्या वस्तूला ते बाधत नाही. समुद्राकडच्या खिडकीखाली ते ठेवू नये आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी चालवावे, म्हणजे आतली ओल सुकते. तसेच जुन्या घरांत अर्थिंग नीट नसते. चार्जर लावल्यावर धातूच्या झाकणाला हात लागताच झिणझिणी आली तर दोष घराच्या वायरिंगमध्ये शोधावा. आम्ही आधी वायरमन बोलावला, मग लॅपटॉप मागविला.

खरेदीपूर्वी बिलाचा प्रश्न उद्भवला. दुकानाच्या नावे बिल घेतले तर कर परत मिळेल, असे कोणीतरी सुचविले. ८५ हजारांत १८ टक्के जीएसटी धरला तर तो १२,९६६ रुपये होतो; मोह होण्याजोगी रक्कम. परंतु वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही, आणि मोटारशर्यतीला व्यवसाय म्हणण्याची आमची छाती नव्हती. बिल मित्राच्या नावे झाले. यंत्र ७९ हजारांत मिळाले. उरलेल्या पैशांत वॉरंटीची मुदत वाढविली. तंत्रज्ञ घरी येऊन दुरुस्ती करील, असे ठरलेले. लॅपटॉप कुरिअरने पाठवून पंधरा दिवस वाट पाहणे त्याने टाळले. वॉरंटी घेण्यापूर्वी आपल्या पिनकोडवर ही सेवा मिळते का, हे मात्र कंपनीला विचारून घ्यावे.

पेटी उघडताना आम्ही चित्रण केले, बिलावरचा अनुक्रमांक यंत्राखालच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहिला आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी सलग दीड तास शर्यत चालवली. पंख्यांचा आवाज मचव्याच्या इंजिनासारखा, पण कीबोर्ड केवळ कोमट.

त्यानंतर मित्राने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ घेतला. २०२० साली आलेल्या या खेळाला आपल्या पुराणकथांचा आधार आहे. एका रात्री तो खेळत असताना वडील पाण्याचा तांब्या घेऊन मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर राजस्थानी धाटणीचा महाल होता, कोरीव खांब, चांदणे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा थांब, पुढे जाऊ नकोस. ते खांब पाहू दे."