रेलून चालवायच्या सायकलचा हवाई प्रवास

सायकल म्हटली की दोन चाके, मधोमध खोगिरासारखी सीट आणि पुढे वाकलेला सायकलस्वार, असेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. रिकम्बंट सायकलने हे चित्र मोडीत काढले. हिच्यावर स्वार आरामखुर्चीत बसावे तसा रेलून बसतो, पाय पुढे पसरतो आणि समोरची पेडल मारतो. पाठ, मनगटे आणि मान यांवर ताण येत नाही, शिवाय वाऱ्याचा अडथळाही कमी होतो. फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने १९३३ मध्ये अशाच सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. मात्र पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने या सायकलींना अधिकृत शर्यतींबाहेर ठेवले.

लांब पल्ल्याच्या भ्रमंतीत मात्र त्यांना मज्जाव नाही. दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची मोहीम शर्यत नसल्याने तिथे रिकम्बंट चालते. पुणे-मुंबईतले सायकलस्वारही या मोहिमेची तयारी करतात. त्यासाठी मोहिमेच्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे ठरावीक वेळेत पूर्ण कराव्या लागतात. पुढची मोहीम २०२७ मध्ये आहे. एवढे कष्ट करून रांबुइयेला पोहोचावे आणि खोके उघडताच गिअरचा हूक वाकलेला निघावा, यासारखे दुर्दैव नाही. साध्या सायकलचा सुटा भाग परदेशातल्या दुकानात मिळून जातो. रिकम्बंटचे बहुतेक भाग त्या-त्या कंपनीच्या सांगाड्यापुरतेच बनतात. म्हणूनच तिच्या बांधाबांधीला निराळे महत्त्व आहे.

पहिली अडचण लांबीची. या सायकलींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पुढचे चाक पेडलच्याही पुढे असेल तर सायकल दोन मीटरपलीकडे जाते. पेडल पुढच्या चाकाच्या पुढे असतील तर ती आखूड होते. विमानप्रवासाला हा दुसरा प्रकार सोयीचा, कारण पेडल ज्या नळीवर बसवलेले असते ती पुढची नळी सैल करून मुख्य सांगाड्यात सरकवता येते. तत्पूर्वी नळीवर रंगाची खूण किंवा चिकटपट्टी लावणे अत्यावश्यक आहे. पायांच्या लांबीचे गणित त्या एका खुणेवर असते. जोडणी करताना ते काही मिलिमीटरनी चुकले, तरी शेकडो किलोमीटरनंतर गुडघे तक्रार करू लागतात.

सुटे करण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी पेडल काढावीत. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे विसरून जोर लावणारे पुष्कळ. मग सीट, आरसे आणि दिवे काढावेत. चेन साध्या सायकलच्या अडीच-तीन पट लांब असते आणि मधल्या कप्पीवरून व नळ्यांतून फिरते. तिचा मार्ग छायाचित्रात टिपून ठेवावा आणि मगच जोडकडी उघडून चेन वेगळ्या पिशवीत घालावी. मागचा डिरेलर हुकावरून सोडवून कापडात गुंडाळावा व सांगाड्याला आतल्या बाजूने बांधावा. हा हूक जास्तीचा एक जवळ असावाच. चाके काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये आसाच्या लांबीचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा बसवावा, अन्यथा वरून वजन पडताच फोर्क चेपतो. डिस्क ब्रेक असतील तर चकत्या काढून पॅडच्या फटीत पुठ्ठा सरकवावा. प्रत्येक स्क्रू काढल्या जागीच पुन्हा फिरवून ठेवावा. सुट्या स्क्रूंची पिशवी हरवली, तर सारे मुसळ केरात.

खोके भरताना तीन नियम पुरेत. धातूला धातू लागू नये, खोके हलवले असता आतून आवाज येऊ नये आणि काहीही बाहेर टोचू नये. पुठ्ठा फाडण्यात पुढच्या दातेरी चक्राचा हात कोणी धरत नाही, म्हणून त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी चढवावी. सायकलच्या दुकानात टाकून दिलेली दोन मोठी खोकी एकात एक सरकवून हवी ती लांबी साधता येते. सामानाच्या थप्पीत खोके बाजूने दबते, त्यावर उपाय म्हणून आत पुठ्ठ्याच्या जाड नळ्यांचे आडवे खांब द्यावेत. सीटचा पोकळ भाग कपड्यांनी भरावा. टायरमधली थोडी हवा काढावी, पण सगळी काढू नये. त्या हवेनेच रिमला आधार मिळतो.

यानंतर येतो वजनाचा प्रश्न. अनेक विमान कंपन्यांत एका नगाची सर्वसाधारण मर्यादा २३ किलो आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर इतकी असते. जादा शुल्क भरले तरी ३२ किलोंहून जड नग सहसा घेत नाहीत. रिकम्बंट बेरजेची मर्यादा ओलांडणारच, म्हणून कंपनीकडून आधी लेखी होकार घ्यावा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. वाटेत विमान बदलायचे असेल तर त्यांतल्या सर्वांत लहान विमानाचा दरवाजा किती मोठा आहे, हेही विचारावे. विजेच्या सायकलची बॅटरी १६० वॅट-तासांहून मोठी असल्यास ती प्रवासी विमानात चालत नाही. १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते.

विमानाऐवजी कुरिअरने पाठवावे, असा विचार मनात येतो. तिथे आकारमानाचे वजन आडवे येते. १५० बाय ७५ बाय ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ ५००० ने भागले की ६७.५ किलो होतात. खोके प्रत्यक्षात २२ किलोंचे असले तरी आकारणी ६७.५ किलोंची होते. लाकडी पेटी वापरायची तर तिच्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, नाहीतर पेटी बंदरात अडकू शकते.

कागदपत्रांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. महागडी सायकल परदेशी नेताना निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना शुल्काचा वाद उद्भवत नाही. सांगाड्याचा क्रमांक व खरेदीची पावती त्यासाठी जवळ असावी. खोके बंद करण्यापूर्वी आतली छायाचित्रेही काढावीत. माँट्रियल कराराखालील प्रवासात सामानासाठी विमान कंपनीचे दायित्व डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १५१९ एसडीआरपर्यंत, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनातील तेवढ्या रकमेपर्यंत मर्यादित आहे. चांगल्या रिकम्बंटची किंमत याहून बरीच अधिक असू शकते, म्हणून स्वतंत्र विमा उतरवणे शहाणपणाचे. नुकसान आढळल्यास सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. त्यामुळे खोके हॉटेलात नेऊन सावकाश उघडण्यापेक्षा विमानतळावरच पाहून घेणे बरे.

सर्वांत उपयोगी तयारी घरच्या घरीच होते. प्रवासाच्या महिनाभर आधी सायकल पूर्ण सुटी करून खोक्यात भरावी, पुन्हा जोडावी आणि तिच्यावर निदान शंभर किलोमीटरची फेरी मारावी. कोणता पाना लागतो, कोणता विसरला आणि जोडणीला किती वेळ जातो, हे सारे त्या एका दिवसात उमगते. ती रंगीत तालीम झाली असेल, तर रांबुइयेच्या पहाटे स्वाराला फक्त पेडल मारायचे उरते.