शेवटची उचकी नव्हती ती

आजोबांना उचकी लागली तेव्हा आजी म्हणाली, "पुण्याची नात आठवण काढत असंल." भूम तालुक्यातल्या आमच्या घरात एकेकाचं नाव घेणं सुरू झालं. ज्या नावाला उचकी थांबेल, तो आठवण काढणारा. एरवी नावं संपायच्या आत ती थांबते, कारण साधी उचकी काही मिनिटांत आपोआपच विरते. यावेळी दुसरा दिवस उजाडला, तरी थांबेना. शेजारच्या म्हातारीनं आईला बाजूला घेतलं, "पाव्हण्यांना कळवा. ही शेवटची उचकी हाय."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" आजीनं प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी होती. तिच्यामुळं रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं. ते सावकाश भरून काढलं आणि उचकी गेली. आजोबा पुढं चार वर्षं रोज रानात जाऊन येत होते.

उचकीबद्दलच्या सगळ्या समजुतींत ही 'शेवटची उचकी' मला सर्वांत घातक वाटते. लांबलेली उचकी हा मृत्यूचा निरोप नसतो. तिच्यामागं सोडियम कमी होणं, मूत्रपिंड थकणं, जठरातलं आम्ल वर येणं, कधी मेंदूचा किंवा हृदयाचा झटका असू शकतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, पण वेळेत पोचलं तर.

उचकीत होतं काय? छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा अचानक आकसतो, हवा आत ओढली जाते आणि सुमारे ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राचं दार मिटतं. 'हिक्' आवाज त्या दाराचा. उस्मानाबादी शेळीच्या मटणाचा झणझणीत रस्सा घाईघाईनं ओरपला, वर सोडा प्यायला, की पोट फुगून हा पडदा चाळवतो. चरकसंहितेनं हिक्केचे पाच प्रकार सांगताना खाण्यापिण्यातून येणारी 'अन्नजा' वेगळी काढली आहे.

औषधांनी उचकी लागते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं, डायझेपाम, मॉर्फिनच्या जातीतली वेदनाशामकं, केमोथेरपीतलं सिस्प्लॅटिन, क्वचित ॲझिथ्रोमायसिनही. संशय आला तरी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. गुडघेदुखीसाठी कुणी सुट्या पुड्या दिल्या असतील, तर त्याही डॉक्टरांना दाखवा.

घरच्या उपायांत काही खरे आहेत. श्वास दहा-पंधरा सेकंद रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि झटके मंदावतात. गार पाणी घोट घोट प्यावं. चमचाभर कोरडी साखर गिळण्याचा उपाय १९७१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला होता: २० पैकी १९ जणांची उचकी लगेच थांबली. माणसं थोडी होती, पण करून बघायला हरकत नाही; मधुमेह्यांनी मात्र पाण्यावरच भागवावं. "तूच पैसे चोरलेस!" असं म्हणून दचकवणं हृदयरोग्याच्या बाबतीत नको. डोळे दाबणं तर कुणाच्याच बाबतीत नको.

तान्ह्या बाळाला उचकी लागली की टाळूवर ओला धागा ठेवतात. त्यानं बिघडत काही नाही, साधतही काही नाही. बाळ पोटात असतानाही उचक्या देतं. खांद्यावर उभं धरून ढेकर काढावी, बस्स. मोरपिसाची राख मधात कालवून चाटवणं मात्र ठामपणे थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

मोठ्या माणसाची उचकी ४८ तासांपलीकडे गेली, की दवाखाना गाठायचा. बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला किंवा छातीत दुखलं, तर त्याच क्षणी. बॅक्लोफेन, क्लोरप्रोमाझिन अशी औषधं उचकीवर आहेत, पण त्यांनी गुंगी येते, क्लोरप्रोमाझिननं तर रक्तदाबही उतरतो. ती डॉक्टरांनीच ठरवायची. निघताना गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या, रिकामी पाकिटंसुद्धा.