परत आलेली ताटली

डिसेंबर लागला की इथे ओहायोत संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधार पडतो. घराघरांवर दिव्यांच्या माळा चढतात आणि कुकीजची देवाणघेवाण सुरू होते. आपल्याकडे दिवाळीत फराळाची ताटं रुमालाखाली झाकून शेजारीपाजारी फिरतात ना, तसंच काहीसं.

आम्ही कोलंबसला राहायला आलो, त्या पहिल्याच डिसेंबरात शेजारच्या आजीबाईंनी दारात येऊन कुकीजची ताटली हातात ठेवली. दाण्याच्या चवीची कुकी आणि तिच्या मधोमध चॉकलेटचा छोटासा 'किस' बसवलेला. हिला 'पीनट ब्लॉसम' म्हणतात आणि ही मूळची ओहायोचीच. १९५७ मध्ये गिब्सनबर्ग गावच्या फ्रेडा स्मिथ यांनी ती पिल्सबरीच्या बेकिंग स्पर्धेत पाठवली होती. पहिलं बक्षीस काही मिळालं नाही, पण नाताळच्या ताटात तिने कायमची जागा पटकावली.

आता ताटली परत करायची होती. आईची शिकवण अशी, की दुसऱ्याची ताटली कधी रिकामी पाठवायची नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. पण करायचं काय? आमच्या ओव्हनमध्ये तेव्हा कढया आणि तवे राहायचे! शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सगळ्यात सोपी कृती सांगितली. मैदा नको, लोणी नको.

एक कप पीनट बटर, एक कप साखर, एक अंडं आणि अर्धा चमचा खायचा सोडा एकत्र कालवायचं. त्यात अर्धा कप चॉकलेट चिप्स घालायच्या. पेढ्याएवढे गोळे करून ट्रेमध्ये अंतर ठेवून मांडायचे आणि काट्याने उभे-आडवे दाबायचे. ३५० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसला, दहा मिनिटं भाजायचं. बाहेर काढल्यावर त्या इतक्या मऊ असतात की बिघडल्या असंच वाटतं. हात लावायचा नाही, ट्रेमध्येच गार होऊ द्यायच्या. अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घाला. जरा भुसभुशीत होतात, पण चवीला छान लागतात.

पहिला घाणा निघाला आणि घरभर लाडवासाठी दाणे भाजल्यासारखा वास सुटला. मला इतका हुरूप आला की आजीबाईंसकट चार घरांसाठी ताटल्या भरल्या.

चौथ्या घराचं दार सात वर्षांच्या मुलाने उघडलं. त्याने हात पुढे केला, तेवढ्यात आतून त्याची आई अक्षरशः धावत आली. "यात शेंगदाणे आहेत का?" मी अभिमानाने म्हटलं, "हो, भरपूर!" तिने मुलाला मागे ओढलं आणि ताटलीला हातही न लावता "सॉरी" म्हणत दार लोटलं.

भरलेली ताटली घेऊन मी घरी आले. आपल्याकडे प्रसाद नाकारला तर कसं वाटेल, तसं मला वाटलं. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "दाण्याने कधी कुणाला काही झालंय का? नखरे नुसते!" खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं.

तासाभराने ती बाई स्वतःच आली. आत मात्र आली नाही, थंडीत अंगणातच उभी राहिली. मुलगा दोन वर्षांचा असताना एका वाढदिवसाला त्याने केकचा एक घास खाल्ला. काही मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. रुग्णवाहिका आली, इंजेक्शन दिलं, म्हणून वाचला. तेव्हापासून ते इंजेक्शन तिच्या पर्समध्ये कायम असतं. सांगताना तिचा आवाज कापत होता.

मला आठवलं, माझी लेक गेले तीन महिने रोज त्या मुलाबरोबर खेळत होती आणि तिच्या खिशात बरेचदा शेंगदाण्याची चिक्की असायची. माझ्या अंगावर काटा आला.

आपल्या खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट. दाणे हे आपल्याला 'घातले' असंसुद्धा वाटत नाही. त्या दिवसानंतर लेकीची चिक्की घरात बसून खायची झाली, आणि खाल्ल्यावर साबणाने हात धुवूनच बाहेर.

पुढच्या डिसेंबरात मी आधी विचारलं, "तुमच्यासाठी काय करू?" तिला बहुधा असं कुणी विचारलं नसावं. दोघींनी मिळून ठरवलं: सूर्यफुलाच्या बियांचं बटर, नवं भांडं, नवा ट्रे आणि पीनट बटरची बरणी उघडायच्या आधी याच कुकीज. सगळ्या लेबलांचे फोटो मी तिला पाठवले. इथे पाकिटावर घटकांमध्ये शेंगदाण्याचा स्पष्ट उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. पण 'याच कारखान्यात शेंगदाणे हाताळले जातात' ही ओळ छापणं ऐच्छिक आहे. म्हणून चॉकलेट चिप्ससुद्धा तिने सांगितल्या त्याच आणल्या.

कृती तीच. पण दुसऱ्या दिवशी डबा उघडला, तर कुकीज आतून हिरव्यागार! मी हादरलेच. मग कळलं की सूर्यफुलाच्या बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की असा रंग येतो. त्याने अपाय काहीच नसतो. सोडा कमी घालावा किंवा थोडा लिंबाचा रस पिळावा. मी घाबरत घाबरत तिला सगळं सांगून कुकीज नेल्या. मुलगा हिरवा रंग बघून नाचायलाच लागला. आता दरवर्षी त्याला हिरव्याच हव्या असतात, त्यामुळे लिंबू पिळायची सोय नाही!

त्या वर्षी आमची ताटली परत आली, तेव्हा तिच्यात दोन संत्री होती. आमची रिकाम्या ताटलीची पद्धत मी तिला सांगितली होती, ती तिने लक्षात ठेवली.

यंदा तुम्हीही या कुकीज करून बघा, अर्ध्या तासात होतात. फक्त शेजारी द्यायला जाण्याआधी एकदा विचारा.